घड्याळ कुणाचं होतं? सीमाभागातल्या जुन्या वेळांची नोंद कशी ठेवावी

२०२३ साली आमच्या आत्याचं सहस्रचंद्रदर्शन करायचं ठरलं. बाई बेळगावलगतच्या शहापूरच्या जुन्या घरात जन्मलेली, एक्क्याऐंशीकडे झुकलेली. पुतण्याने हौसेने फोनमधल्या ॲपमध्ये तिची जन्मवेळ घालून पत्रिका काढली आणि ती बघून गुरुजींच्या कपाळाला आठ्या पडल्या. आजोबांनी करून घेतलेल्या पत्रिकेत मकर लग्न (म्हणजे जन्मवेळी पूर्वेला उगवत असलेली रास) होतं, ॲप कुंभ म्हणत होतं. पुतण्या म्हणाला, यंत्र चुकेल कसं? काका म्हणाले, आमचे जोशी चुकायचे नाहीत. आत्या दिवाणावर शेंगा सोलत बसली होती. ती म्हणाली, "अरे, तेव्हा लढाई चालू होती की. घड्याळं पुढं केली होती. आई सांगायची, जुने सात म्हणजे नवे आठ."

पत्रिकेवर कुणाचा विश्वास असावा की नसावा, हा माझा प्रांत नाही. पण ओळखीच्या घरांतले जुने कागद, वह्या, देवस्थानांच्या नोंदी उतरवून द्यायचं काम मी बरीच वर्षं करतो, आणि त्यात हीच गोष्ट पुन्हा पुन्हा भेटते. तारीख सगळे जपून उतरवतात. वेळही उतरवतात. पण ती वेळ दाखवणारं घड्याळ कुणाचं होतं, हे कुणी लिहीत नाही. आणि ते लिहिलं नाही तर उरलेली वेळ अर्धीच असते.

आपल्याकडे हा घोळ जरा जास्तच आहे. बेळगाव १९५६ च्या १ नोव्हेंबरपर्यंत मुंबई राज्यात होतं, नंतर म्हैसूर राज्यात गेलं, त्या राज्याचं नाव १९७३ साली कर्नाटक झालं. कॅम्पात ब्रिटिशांचा अंमल, पण लगतचं शहापूर सांगली संस्थानचं. वर कोल्हापूर संस्थान, खाली घाट उतरला की पोर्तुगीजांचं गोवं. आजोळ एका अंमलात, सासर दुसऱ्यात, नोकरी तिसऱ्यात, अशी कितीतरी घरं. त्यामुळे एकाच ट्रंकेतल्या दोन कागदांवरचे 'सकाळी ८' हे एकच ८ असतील असं धरून चालू नका.

आधी जसंच्या तसं उतरवा

वही करा किंवा संगणकावर तक्ता करा. मी दोन्ही करतो. पहिल्या रकान्यात फक्त मूळ मजकूर: अक्षर न अक्षर, चुका धरून. 'स्टँ. टा.' (स्टँडर्ड टाईम) असं लिहिलं असेल तर 'स्टँ. टा.' लिहा. 'रे. टा.' (रेल्वे टाईम) असेल तर 'रे. टा.'. 'दिवस कासराभर वर आल्यावर' असं असेल तर तेच, त्याचे 'सुमारे ८' करू नका. दुरुस्ती, अंदाज, भाषांतर हे सगळं पुढच्या रकान्यांत.

हे एवढं ठासून सांगण्याचं कारण आहे. एका संस्थेने आपली जुनी नोंदवही टंकून घेतली तेव्हा वेळेपुढची ती दोन-तीन अक्षरं अनावश्यक म्हणून गाळली. टंकणाऱ्या मुलाला त्यांचा अर्थ माहीत नव्हता, आणि विचारायला कुणी नव्हतं. पुढे मूळ वही वाळवीने खाल्ली. आता त्या शेकडो वेळा आहेत, पण कुठल्या घड्याळाच्या ते कुणालाच सांगता येत नाही.

संगणकावर करणार असाल तर एक खबरदारी घ्या. वेळ-तारखेचे रकाने आधीच 'मजकूर' या प्रकारचे करून ठेवा. नाहीतर ८.१० लिहिलं की तक्ता त्याचे ८.१ करतो, ५/६ चे कधी ५ जून तर कधी ६ मे करतो, आणि एक्सेलसारख्या तक्त्याला तर १९०० पूर्वीची तारीख तारीख म्हणून कळतच नाही. मी स्वतःच्या रकान्यात वर्ष-महिना-दिवस या क्रमाने लिहितो, १९४३-०१-२१ असं. क्रम लावला की ओळी आपोआप नीट लागतात.

मूळ कागद मोडीत असेल तर लिपीचाही उल्लेख करा, कारण मोडीतले आकडे वाचण्यात घसरायला वेळ लागत नाही. कन्नड नोंदींत तर आपल्या डोळ्यांना खास सापळा आहे. कन्नड एकचा आकडा अपुऱ्या गोलासारखा दिसतो, देवनागरीची सवय असलेला माणूस त्याला शून्य समजतो. ११ चे ०० वाचून अकरा वाजताची नोंद एकाने बिनधास्त रद्दी ठरवलेली मी पाहिली आहे. शंका आली तर त्याच पानावरची दुसरी तारीख शोधा आणि तिथला आकडा ताडून बघा.

गाव कुठलं आणि अंमल कुणाचा

दुसरा रकाना गावाचा. कागदावरचं नाव आणि आजचं नाव दोन्ही लिहा: बेळगाव, बेळगांव, बेलगाम, आणि २०१४ पासून सरकारी दप्तरात बेळगावी. नावावरून इथे काय काय झालंय ते आपल्याला कुणी सांगायला नको, पण नोंदवहीत वाद घालू नये. शोधणारा कुठल्याही नावाने आला तरी त्याला ओळ सापडली पाहिजे, एवढंच.

त्याच्या शेजारी त्या दिवशीचा अंमल लिहा. हा रकाना बहुतेकांना फालतू वाटतो, पण घड्याळ ठरतं ते इथेच. गोव्यातल्या १९६१ च्या १९ डिसेंबरपूर्वीच्या नोंदीला भारतीय प्रमाणवेळ परस्पर लावता येत नाही, कारण तिथलं घड्याळ लिस्बनच्या कायद्याने चालत होतं. सावंतवाडी-पेडण्याकडचे नातेवाईक असतील तर याची गाठ पडणारच.

आता घड्याळ ओळखा

बेळगावचं रेखांश सुमारे ७४ अंश ३० कला पूर्व. एका अंशाला ४ मिनिटं. म्हणजे सूर्याप्रमाणे बेळगाव ग्रिनिचच्या ४ तास ५८ मिनिटं पुढे. हा आकडा पाठ करून ठेवा, पुढचा सगळा हिशेब यावर उभा आहे. जिल्हा मोठा आहे, त्यामुळे अथणीचा सूर्य बेळगावच्या साधारण सव्वादोन मिनिटं आधी माथ्यावर येतो. पण नोंदी पाच मिनिटांच्या अचूकतेच्याही क्वचितच असतात, तेव्हा हा फरक लिहून ठेवा आणि विसरून जा.

रेल्वे येईपर्यंत गावोगावी सूर्याचीच वेळ होती: देवळातली घटका, कचेरीची घंटा, छावणीतली तोफ. १८८० च्या दशकात सदर्न मराठा रेल्वे या भागात रूळ टाकत आली आणि तिच्याबरोबर मद्रास टाईम आला, ग्रिनिचच्या ५ तास २१ मिनिटं १० सेकंद पुढे. तेव्हा रेल्वेचं घड्याळ सगळीकडे मद्रासच्या वेधशाळेवर लावलेलं असे. मुंबईची स्वतःची वेळ वेगळीच, ४ तास ५१ मिनिटं. आता १८९० च्या आसपासचं बेळगाव डोळ्यांसमोर आणा. डोक्यावर सूर्य आलाय, गावचं घड्याळ १२ म्हणतंय. स्टेशनात १२ वाजून २३ मिनिटं झालीत. मुंबईहून आलेल्या व्यापाऱ्याने खिशातलं घड्याळ जुळवलं नसेल तर त्यात अजून ११ वाजून ५३. तिघेही बरोबर.

१ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ सुरू झाली, मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखांशाची, ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे. बेळगावच्या सूर्यापेक्षा ती ३२ मिनिटं पुढे आहे. पण सरकारने वेळ बदलली म्हणजे लोकांनी बदलली असं होत नाही. मुंबईकरांनी १८८१ साली मद्रास टाईम लादला तेव्हाही भांडण काढलं होतं आणि १९०६ नंतरही आपला मुंबई टाईम, प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागचा, कित्येक दशकं सोडला नाही. तो कधी संपला याची १९५० आणि १९५५ अशी दोन सालं छापील मजकुरात सापडतात. जुन्या लग्नपत्रिकांत वेळेपुढे 'स्टँ. टा.' छापायची पद्धत यातूनच आली. पत्रिका मुंबईत छापलेली आणि लग्न बेळगावात, असं असेल तर ही तीन अक्षरं सोन्याच्या मोलाची. ती नसतील तर 'मुंबई की स्टँडर्ड' असं प्रश्नचिन्ह घालून ठेवा, मनाने ठरवू नका.

मग आत्याची लढाई. दुसऱ्या महायुद्धात १ सप्टेंबर १९४२ पासून सगळ्या देशाची घड्याळं एक तास पुढे केली गेली, ती १५ ऑक्टोबर १९४५ ला पुन्हा मागे आली. या तीन वर्षं दीड महिन्याच्या काळात आपलं घड्याळ ग्रिनिचच्या साडेसहा तास पुढे होतं. परदेशात उन्हाळी वेळ म्हणतात तशीच ही चाल, फक्त आपल्याकडे ती बारमाही चालली. काही घरांत 'नवा टाईम', 'जुना टाईम' असा उल्लेख सापडतो. काही घरांत लोकांनी घड्याळ पुढे केलंच नाही. शेतावरच्या माणसाला त्याचं काय?

त्यानंतर आजतागायत साडेपाच तास.

एक सूचना. बासष्ट, पासष्ट आणि एकाहत्तरच्या युद्धांतही घड्याळं पुढे केली होती असं वाक्य बऱ्याच ठिकाणी छापलेलं आढळतं. कधीपासून, कधीपर्यंत, कुठल्या आदेशाने, हे त्या वाक्यापुढे कधीच नसतं. ज्या बदलाला सुरुवातीची तारीख नाही तो बदल आपल्या तक्त्यात घ्यायचा नाही. कुणी तारखेसकट राजपत्र आणून दाखवलं तर त्याला चहा पाजून मग घ्यायचा.

घटी-पळांनी घड्याळ पकडणं

आता आत्याच्या नोंदीकडे परत जाऊ. आजोबांच्या चोपडीत निळ्या शाईने लिहिलं होतं:

"शके १८६४ पौष शु. १५ गुरुवार, सकाळी ८ वा. ३९ मि., सूर्योदयात् घ. १ प. ३०, कन्यारत्न."

घड्याळाचं नाव नाही. पण आजोबांनी, किंवा शेजारच्या जोशीबुवांनी, नकळत साक्षीदार ठेवला होता. तो म्हणजे घटी-पळं.

पहिलं काम तारखेचं. शक १८६४ मध्ये ७८ मिळवले की १९४२. पण पौष पौर्णिमा जानेवारीत आली म्हणून १९४३. जानेवारीपासून फाल्गुन अमावस्येपर्यंतच्या नोंदींत ७९ मिळवायचे असतात, इथे निम्मे लोक एका वर्षाने चुकतात. त्या वर्षी पौष पौर्णिमा २१ जानेवारीला होती. वार काढून बघा: गुरुवार. चोपडीतही गुरुवार. तिथी आणि वार दोन्ही जुळले म्हणजे तारीख पक्की. दोन्हींतलं एकच जुळत असेल तर थांबा आणि पुन्हा वाचा.

वाराबद्दल आणखी एक. आपल्या जुन्या माणसांचा दिवस सूर्योदयाला सुरू होई. पहाटे तीनला झालेल्या जन्मापुढे आदल्या दिवसाचा वार लिहिलेला असतो, तो चुकलेला नसतो. इंग्रजी तारीख मात्र मध्यरात्रीच बदलते. त्यामुळे रात्रीच्या नोंदींत वार आणि तारीख यांचं भांडण दिसलं तर आधी हे तपासा.

आता सूर्योदय. बेळगावला २१ जानेवारीच्या आसपास सूर्य प्रमाणवेळेने ७ वाजून ३ मिनिटांच्या सुमाराला उगवतो. तारखेला सूर्योदय दरवर्षी जवळपास तोच असतो, त्यामुळे यंदाचं पंचांग किंवा फोनसुद्धा चालतो. एक घटी म्हणजे २४ मिनिटं, ६० पळांची. १ घटी ३० पळं म्हणजे ३६ मिनिटं.

७ वाजून ३ मिनिटांत ३६ मिळवा: ७ वाजून ३९.

चोपडी म्हणते ८ वाजून ३९. बरोबर एक तासाचा फरक, आणि तारीख १९४३ ची. म्हणजे घड्याळ युद्धकाळातलं, पुढे केलेलं. ते प्रमाणवेळेचं असतं तर सूर्योदयापासून ९६ मिनिटं झाली असती आणि आजोबांनी घटी चार लिहिल्या असत्या. चार कुठे आणि दीड कुठे. लग्नरास साधारण दोन तासांत बदलते, त्यामुळे या एका तासाने मकरेचं कुंभ झालं. ॲपवाल्यांनी १९४३ लाही डोळे मिटून साडेपाच तास लावले होते.

जोशीबुवांच्या पंचांगात मुंबईचा सूर्योदय असेल तर? विचारण्यासारखं आहे. मुंबईला त्या दिवशी सूर्य दहा-बारा मिनिटं उशिरा उगवतो. तेवढ्याने अर्ध्या घटीचा फरक पडतो, अडीच घटींचा नाही. अशा वेळी उत्तर मिनिटाला मिनिट जुळेलच असा हट्ट धरू नये. तास ओळखता आला की काम झालं.

माझ्या तक्त्यात ती ओळ अशी आहे. मूळ: वरचा मजकूर. गाव: शहापूर, बेळगाव. अंमल: सांगली संस्थान. घड्याळ: युद्धकालीन, ग्रिनिच अधिक ६ तास ३० मिनिटं. आजच्या प्रमाणवेळेत: ७ वा. ३९ मि. ग्रिनिच: ०२ वा. ०९ मि. पुरावा: घटी-पळं, तिथी, वार, खुद्द आत्याने सांगितलेली आठवण. खात्री: पक्की.

पुरावा आणि खात्री

खात्रीचे मी तीनच दर्जे ठेवतो: पक्की, बरी, अंदाज. पाच-सात दर्जे करून पाहिले होते, पण महिन्याभराने माझं मलाच आठवेना की 'बऱ्यापैकी' आणि 'ठीक' यांत काय फरक होता.

पक्की म्हणायला एकमेकांशी संबंध नसलेले दोन पुरावे लागतात. एकाच चोपडीवरून दोघांनी उतरवून घेतलं असेल तर तो एकच पुरावा. पुरावे मिळतात कुठे? रेल्वेची जुनी वेळापत्रकं सर्वांत चांगली, कारण त्यांत कुठला टाईम ते छापलेलं असतं. मग जुनी वृत्तपत्रं: घड्याळ बदलायच्या आदल्या आठवड्यात सूचना येते आणि नंतरच्या आठवड्यात तक्रारी येतात, त्या तक्रारी सूचनेपेक्षा जास्त बोलक्या. सार्वजनिक वाचनालयात धूळ खायची तयारी असेल तर बरंच काही सापडतं. १९५६ पूर्वीच्या बेळगावचे सरकारी कागद शोधायला बेंगळुरूपेक्षा मुंबईच्या पुराभिलेखागाराची वाट धरावी लागते, आणि करवीर दरबाराचे कागद कोल्हापुरात.

सरकारी आदेश हा पुरावा आहे, पण आदेश कधी निघाला आणि गावात तो कधी पाळला गेला, या दोन वेगळ्या तारखा असतात. शक्य तिथे दोन्ही लिहा.

फौजेतल्यांची पत्रं हा आमच्याकडचा वेगळाच खजिना. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावात, त्यामुळे आफ्रिका आणि इटलीतून आलेली पत्रं अजून कित्येक घरांत आहेत. त्यांतल्या वेळेला भारताची वेळ समजायची चूक होते. लष्करी संदेशाच्या वेळेला झेड हे इंग्रजी अक्षर चिकटलेलं असेल तर ती ग्रिनिचची वेळ, तिला काही मिळवायचं-वजा करायचं नाही.

संगणकाचा कालक्षेत्र-संग्रह

हे सगळं जगभरासाठी आधीच कुणीतरी करून ठेवलंय. आर्थर डेव्हिड ओल्सन या अमेरिकी गृहस्थांनी १९८० च्या दशकात जगातल्या कालक्षेत्रांचे, म्हणजे टाइम झोनचे, बदल एका साध्या मजकूर-फाईलीत गोळा करायला सुरुवात केली. पुढे पॉल एगर्ट यांनी ते काम नेटाने चालवलं. २०११ साली जुन्या वेळांच्या हक्कावरून एका ज्योतिष-सॉफ्टवेअर कंपनीने दोघांवर खटला भरला, तेव्हा काही दिवस सगळा संग्रहच जाळ्यावरून गायब झाला होता. खटला पुढे मागे घेतला गेला आणि संग्रह इंटरनेटचे क्रमांक-नावं सांभाळणाऱ्या आयाना या संस्थेच्या छत्राखाली गेला. तुमच्या-माझ्या फोनमधलं घड्याळ याच फाईलीवर चालतं. प्रत्येक बदलाशेजारी हा कुठून कळला, कुणी शंका घेतली, हे टिपणात लिहिलेलं असतं. चोपडी कशी ठेवावी हे मी खरं तर त्या टिपणांवरून शिकलो.

भारताची ओळ तिथे 'एशिया/कोलकाता' या नावाने आहे. २००८ पर्यंत ती 'एशिया/कलकत्ता' होती. नाव बदललं तेव्हा जुनं पुसलं नाही, नव्याकडे बोट दाखवणारी पाटी म्हणून ठेवलं. त्यामुळे जुनी सॉफ्टवेअर बंद पडली नाहीत.

पण ही ओळ आपल्या कामाला डोळे मिटून वापरायची नाही. संग्रहाचा नियम असा आहे की १९७० पासून ज्या भागांची घड्याळं एकसारखी चालली त्यांची एकच ओळ करायची, आणि त्यापूर्वीचा इतिहास त्या ओळीच्या नावाच्या शहराचा. म्हणजे भारताच्या ओळीतला जुना भाग कोलकात्याचा आहे. १८७० पूर्वी त्यात हावड्याची वेळ आहे, तिचा बेळगावशी काय संबंध? आणखी नाजूक बाब: त्या ओळीत १ ऑक्टोबर १९४१ ते १५ मे १९४२ या काळातही एक तास पुढे असं आहे. तो बंगालकडचा बदल. त्याच संग्रहातली कराचीची ओळ उघडा, तिच्यात तो तुकडा नाही, थेट १ सप्टेंबर १९४२ पासून सुरुवात. बेळगावातला जानेवारी १९४२ चा जन्म असल्या सॉफ्टवेअरमध्ये घातला तर तो उलट्या बाजूने एक तास चुकतो. आत्याच्या वेळी यंत्राने युद्ध धरलं नाही, इथे यंत्र नको तिथे युद्ध धरतं.

म्हणून माझा शिरस्ता असा: १९४५ च्या १५ ऑक्टोबरनंतरच्या नोंदींना, पोर्तुगीज गोवा आणि मुंबई टाईमच्या नोंदी सोडून, एशिया/कोलकाता बिनधास्त लावा. त्याआधीच्या प्रत्येक नोंदीला फरक हाताने लिहा आणि का ते शेजारी लिहा. काही संगणक-प्रणाली तर १९७० पूर्वीचा इतिहास ठेवतच नाहीत. तुमची ठेवते का ते तपासायला सोपी परीक्षा आहे: १९४३ ची एखादी तारीख घालून ग्रिनिच वेळ मागा. फरक साडेपाच तासांचा आला तर तिच्यावर जुन्या कामासाठी विसंबू नका.

घड्याळ सरकवतानाच्या दोन रात्री वेगळ्या सांभाळायच्या. संग्रहात हे बदल मध्यरात्रीचे धरलेत. त्या हिशेबाने १ सप्टेंबर १९४२ ला रात्री १२ ते १ हा तास घड्याळात आलाच नाही, आणि १४ ऑक्टोबर १९४५ च्या रात्री ११ ते १२ हा तास दोनदा आला.

परदेशातली माणसं

आता घराघरातलं कुणीतरी दुबईत, लंडनमध्ये नाहीतर अमेरिकेत असतं. दुबई सोपी: बारा महिने ग्रिनिच अधिक चार, आपल्या दीड तास मागे. लंडन-अमेरिकेत मात्र वर्षातून दोनदा घड्याळ हलतं. न्यूयॉर्क आपल्या साडेदहा तास मागे असतं, आणि मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत साडेनऊ. हा नियम २००७ पासूनचा. त्याआधीची वीस वर्षं एप्रिलचा पहिला रविवार ते ऑक्टोबरचा शेवटचा रविवार होता, म्हणून नातवाचा जन्म २००५ च्या मार्चअखेरचा असेल तर आजचा नियम लावू नका. लंडन साडेपाच तास मागे, मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत साडेचार. मार्चमध्ये दोन-तीन आठवडे अमेरिका हललेली असते आणि इंग्लंड नाही. तिघांनी मिळून व्हिडिओ कॉल ठरवला की नेमका तेव्हाच एकजण तासभर वाट बघतो. इंग्लंडमध्ये १९६८ च्या ऑक्टोबरपासून १९७१ च्या ऑक्टोबरपर्यंत घड्याळ बारमाही पुढेच होतं, हेही लक्षात असू द्या. त्या काळात तिकडे गेलेले डॉक्टर आपल्याकडे बरेच आहेत.

झालेल्या गोष्टीची नोंद आणि होणाऱ्या गोष्टीची नोंद यांत मात्र फरक करा. झालेल्या गोष्टीला मूळ वेळ, गाव आणि ग्रिनिच वेळ तिन्ही लिहून ठेवा, ती आता बदलणार नाही. होणाऱ्या गोष्टीला फक्त तिथली वेळ आणि गावाचं नाव लिहा, ग्रिनिच काढून ठेवू नका. सरकारं आयत्या वेळी नियम फिरवतात. लेबनॉनमध्ये २०२३ च्या मार्चमध्ये घड्याळ पुढे करायला दोन-तीन दिवस उरले असताना सरकारने ते पुढे ढकललं. काहींनी मानलं, काहींनी नाही, एकाच देशात दोन वेळा चालू झाल्या, आणि चार दिवसांत निर्णय फिरवावा लागला. आधीच हिशेब करून ठेवलेल्यांची मोठीच फजिती.

चूक सापडली की

खोडू नका. जुनी ओळ राहू द्या, तिच्यापुढे 'बदलली' लिहा, खाली नवी ओळ घाला, आणि कुणी, कधी, कशावरून बदलली ते लिहा. तुमची दुरुस्तीच चुकीची असेल तर मागे जाता आलं पाहिजे. मीच एका घराण्याच्या तीन नोंदी उत्साहाने 'मुंबई टाईम' ठरवून ३९ मिनिटं पुढे नेल्या होत्या. दोन वर्षांनी त्यांचीच एक लग्नपत्रिका निघाली, तिच्यात 'स्टँ. टा.' स्पष्ट छापलेलं. मूळ रकाना शाबूत होता म्हणून पाच मिनिटांत निभावलं.

तक्त्याची एक प्रत साध्या मजकूर-फाईलीत ठेवा, ती कुठल्याही यंत्रावर उघडते. एक प्रत छापून मूळ कागदांच्या ट्रंकेत. एक दुसऱ्या गावी. आमच्या एका कामाच्या सगळ्या प्रती वडगावातल्या एकाच घरात होत्या आणि पावसाळ्यात छपराने दगा दिला.

माझ्या तक्त्यात एक ओळ मात्र अजून दुहेरीच आहे. खानापूरच्या एका घरातली, १४ ऑक्टोबर १९४५, "रात्रौ ११ वा. ४० मि.", मुलगा. घटी-पळं नाहीत. पहिल्या अकराचे चाळीस की दुसऱ्या अकराचे, हे सांगायला आता त्या घरात कुणी नाही. ग्रिनिचच्या रकान्यात मी दोन्ही वेळा लिहिल्यात, १७ वाजून १० आणि १८ वाजून १०, आणि खात्रीच्या रकान्यात लिहिलंय: 'दोन्हींपैकी एक, पक्की'.